पापणीचं मत

धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी वहिनीच्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शुद्ध तेवढी राहिली, आणि इंटरनेटवरच्या त्या लुटुपुटुच्या देशातली खुर्ची.

तो देश म्हणजे खेळच. माणसं घरबसल्या निवडणुका लढवायची, कायदे करायची. वर एक केंद्र, खाली चार प्रांत. नवरा उत्तर प्रांताच्या सभेत, वहिनी त्याच सभेची सभापती, आणि शेजारच्या खोलीत राहणारा दीर थेट केंद्राचा प्रमुख.

झटक्यानंतर प्रांताने कायदा केला: आजारी सदस्याने पापणीने दिलेलं मत घरच्यांनी टाइप केलं तरी चालेल. एकदा डोळे मिटले की होय, दोनदा मिटले की नाही. दिवसभर शिलाई मशीनवर मान मोडून वहिनी घरी यायची, तर हा स्क्रीनकडे टक लावून वाट बघत असायचा. मत देताना त्याच्या चेहऱ्यावर जीव यायचा.

त्या सोमवारी केंद्राचा हुकूम आला. दुसऱ्याने टाइप केलेलं मत बाद, सदस्यत्वही बाद. खाली नाव दिराचं.

वहिनी हातातल्या कात्रीसकट त्याच्या खोलीत शिरली.

"भावोजी, लाज कोळून प्यालात का?"

"आधी ती कात्री खाली ठेवा, वहिनी. नियम सगळ्यांना सारखा. उद्या कुणीही म्हणेल, आमच्या आजीने पापणी हलवली."

"आमचा सदस्य कोण, ते प्रांत ठरवणार!"

"मतदान कसं घ्यायचं, ते केंद्र ठरवतं."

"आणि स्वयंपाकघर प्रांताच्या ताब्यात आहे. आजपासून जेवण केंद्राकडून मागवा."

दीर हसला. त्या हसण्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. दंडाला धरून तिने त्याला नवऱ्याच्या खाटेपाशी ओढत आणलं.

"विचारा. साक्षीला तुम्हीच."

दिराने घसा खाकरला. "दादा, मी केलं ते बरोबर आहे ना?"

नवऱ्याने डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा मिटले. घट्ट.

"दिसलं?"

"दिसलं. पण घरात दिसलेलं सभेत चालत नाही."

"मग सांगा सभेला, भाऊ मेला म्हणून!"

बोलून गेली आणि मग तिला कळलं, आपण कुणासमोर बोललो. नवरा तिच्याकडेच बघत होता.

रागाच्या भरात तिने प्रांताचा ठराव टाकला: केंद्राचा हुकूम आम्हाला मान्य नाही. संध्याकाळच्या आत दिराने प्रांताची सभाच बरखास्त केली.

त्यानंतर ती रोज विचारायची. चहा घेणार? खिडकी उघडू? पाठ दुखते का? तो छताकडे बघत राहायचा. ना होय, ना नाही. ती चिडायची, रडायची, दिराच्या बंद दारावर थाळी आपटून यायची.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, एका गुरुवारी सकाळी, तिचा नवरा वारला. दीर तेव्हाही केंद्राचा प्रमुख होता.