पुसलेली खूण

आर्नेटाने बापाच्या गळ्यातला टाय पुन्हा सोडला आणि नव्याने बांधायला घेतला. चर्चच्या पायऱ्यांखाली गाड्या येऊन लागत होत्या आणि म्हाताऱ्याची मान काही एका जागी ठरत नव्हती.

"डॅडी, हलू नका."

"टाय बांधतेस की फास लावतेस?" इझेल टॉलिव्हर म्हणाला. "सकाळी हॅमचा दुसरा तुकडा दिला असतास, तर मान आपोआप ताठ राहिली असती."

"डॉक्टरांनी खारट बंद केलंय."

म्हाताऱ्याने उजवा तळवा छातीवरून आडवा फिरवला, धूळ झटकावी तसा. ही बेसबॉलच्या मैदानावरची खूण. बेसजवळ उभा असलेला कोच कधी कानाची पाळी ओढतो, कधी नाकाला बोट लावतो आणि धावायचं की थांबायचं ते खेळाडूला सांगतो. मग त्याने छातीवरून असा हात फिरवला, की आधी सांगितलेलं सगळं पुसलं. आर्नेटाची आई गेल्यापासून बापलेकीच्या घरात निम्मं बोलणं खुणांनीच चाले.

"पुसणारे तुम्ही कोण?" आर्नेटा म्हणाली. "कोच मी आहे."

"होय, कोच."

गाठ बसली. तरी तिने टाय सोडला नाही.

"आज ते करायचं नाही, डॅडी."

"काय ते?"

"ठाऊक आहे तुम्हाला. नगराध्यक्ष येतोय, शाळामंडळाची माणसं येतायत. शाळेच्या मैदानाला तुमचं नाव लागतंय. टाळ्या झाल्या की उठायचं, मान लववायची, बसायचं. तो बिनचेंडूचा खेळ नको. शब्द द्या मला."

म्हाताऱ्याने आपल्या हातांकडे पाहिलं. चेंडू अडवून अडवून मोडलेली बोटं, एकाचं तोंड दुसऱ्याकडे नाही.

"बरं, पोरी. तू म्हणशील तसं."

अलाबामात इझेल टॉलिव्हरचं नाव माहीत नाही असं काळ्या माणसाचं घर नव्हतं. जमिनीलगत सरपटत आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसकडे असा फेकायचा, की धावणाऱ्याला आपण बाद कधी झालो ते कळायचंच नाही. गोऱ्यांच्या मोठ्या संघांची दारं त्याच्या पिढीला बंदच राहिली. तो काळ्यांच्या संघातून गावोगाव खेळला आणि खेळता खेळता दंतकथा झाला. सामन्याआधी त्याचा संघ चेंडूशिवाय सराव करी. हवेतच मारायचं, हवेतलं झेलायचं, झेप घ्यायची, फेकायचं; आणि हे सगळं इतक्या झपाट्याने, की पाहणारे शपथेवर सांगत, चेंडू होता, आम्ही डोळ्यांनी पाहिला.

आर्नेटाने ते लहानपणी एकदाच पाहिलं, काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या दोराच्या पलीकडच्या फळ्यांवर आईच्या शेजारी बसून. त्या दिवशी संघाच्या मालकाने सगळ्यांना गवताचे परकर नेसवले होते आणि ओठांभोवती पांढरा रंग फासला होता. पुढच्या रांगांमधले गोरे पोट धरधरून हसत होते. परकर उडवत तिचा बाप झेपावला, उठला, टोपीला बोट लावून लेकीकडे वळला आणि तो नसलेला चेंडू त्याने तिच्याकडे टाकला. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पुढे ती शाळेची मुख्याध्यापिका झाली. बापाबद्दल बोलायला तिला ठिकठिकाणी बोलावणी येत. तिच्या भाषणांत त्याची बॅट असे, त्याची धाव असे. बिनचेंडूचा खेळ कधी नसे.

चर्चमध्ये पहिल्या बाकावर म्हातारा मधल्या वाटेच्या कडेला बसला, तिच्या दुसऱ्या बाजूला नगराध्यक्ष हॉलब्रुक. माणूस हसतमुख, गोरापान, घामाघूम.

"मिसेस प्रुइट," तो वाकून म्हणाला, "माझे वडील सांगायचे हो, चेंडू नसताना तुमच्या वडिलांनी केलेल्या त्या माकडचेष्टा! हसून हसून खुर्चीतून पडायचे. करतील ना आज?"

"ते थकलेत आता," आर्नेटा म्हणाली आणि कानकोंडी होऊन पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घेऊ लागली.

रेव्हरंड स्टोव्हॉल उभे राहिले. त्यांचं प्रवचन नेहमी चढावरच्या बैलासारखं सुरू व्हायचं, जड, थांबत थांबत. नवख्याला वाटावं, हे काही पोचत नाहीत. पण माणसं दम धरून बसत, कारण कधीतरी त्या बोलण्याला सूर फुटणार हे ठाऊक असे.

"आपल्या माणसांना मैदान दिलं नाही," रेव्हरंड म्हणाले.

"नाही दिलं!"

"राहायला खोली दिली नाही."

"खरंय, रेव्हरंड!"

"बसमध्ये निजले. पावाला सार्डिन लावून खाल्लं. तरी... तरी हात उघडाच ठेवला!"

आणि 'उघडा'वर आवाज वर गेला तो खाली आलाच नाही. ऑर्गनवर सिस्टर ओफीलिया टपूनच बसली होती. तिने त्या सुराखाली आपले दोन सूर सरकवले. आता रेव्हरंड गात होते, धापेवर ठेका धरून. प्रत्येक ओळीला ऑर्गन हुंकार देत होता, आणि बाकांवरून 'होऽ' उठत होता. असं गाणं सुरू झालं की बसलेल्याचं पाऊल त्याला न विचारता हलायला लागतं. आर्नेटाचाही बूट हलला. शेजारी नगराध्यक्ष आहे हे आठवून तिने तो थांबवला.

"रिकाम्या हातात काय होतं, ते मी पाहिलं! तुम्ही पाहिलं का?"

"पाहिलं!"

"मग टाका तो चेंडू, टॉलिव्हरबंधू! टाका!"

म्हातारा उठला नाही. त्याने लेकीकडे पाहिलं. बेसवर अडकलेला खेळाडू कोचकडे पाहतो तसं, हनुवटी किंचित वर करून. सगळं चर्च त्याच्याकडे पाहत होतं आणि तो तिच्याकडे. नगराध्यक्ष पुढे सरसावला. हसू त्याच्या ओठांवर तयारच होतं. आर्नेटाला कुठे पाहावं कळेना. तिने पंखा खाली ठेवला आणि कसनुशी होत, उगाचच, झग्याच्या छातीवरची चुणी तळव्याने आडवी सारखी केली.

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"होय, कोच," तो म्हणाला आणि उठला.

आपला हात कुठून कुठे गेला, ते तिला तेव्हा कळलं.

काठी बाकाला टेकवून तो वेदीपुढच्या गालिच्यावर गेला. वाकला, गुडघ्यांचा कडकड आवाज मागच्या बाकांपर्यंत गेला. सरपटत आलेलं काहीतरी त्याने ओंजळीत घेतलं आणि वळून चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकनांच्या बाकाकडे भिरकावलं. अर्धा वेळ पेंगणाऱ्या म्हाताऱ्या डीकन पर्व्हिसने डावा हात वर केला आणि झेललं. तिथून ते गायकवृंदाकडे गेलं. धिप्पाड सिस्टर मॅब्रीने ते घेतलं आणि तळव्यावर फुंकर घातली.

"अगं बाई, भाजलं की!"

चर्च हसलं. नगराध्यक्षही हसला, मोठ्याने, त्याच्या बापाने सांगितलेलं हसू. आर्नेटाच्या मानेवरून जुनी आग वर चढली. पण त्याच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. त्याचं हसू थोडा वेळ एकटंच फिरलं आणि विझलं. मग सिस्टर मॅब्रीने फेकलं, तेव्हा ते कुठे जातंय हे पाहायला त्याचीही मान वळली.

म्हाताऱ्याने ते झेललं आणि डोक्यावर नसलेल्या टोपीला बोट लावलं.

पुढचं आर्नेटाला ठाऊक होतं. तिचे हात मांडीखाली होते. ते कधी तिथे गेले, कोण जाणे. त्याने हलकेच, खालून टाकलं, लहान मुलीकडे टाकावं तसं. तिने हात बाहेर काढले, पण उशीर झाला होता. बाकाच्या मागच्या फळीवर काहीतरी आपटलेलं तिने ऐकलं, अगदी शपथेवर सांगावं इतकं स्पष्ट.

"अरेरे," चर्च एका सुरात म्हणालं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं तिला झालं.

म्हातारा बाकाला धरत आला, गुडघ्यावर बसला, बाकाखाली हात घालून त्याने चाचपलं, उचललेलं पँटला पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"सोपा होता गं," तो हळूच म्हणाला.

"डॅडी, उठा आधी."

"आधी घे."

तिने घेतलं.

जेवण आवारातल्या पेकनच्या झाडाखाली होतं. कुणीतरी म्हाताऱ्याच्या ताटात हॅमचे दोन जाड तुकडे वाढले होते. बापलेक शेजारी शेजारी बसली.

"तो परकर होता ना गवताचा," तो म्हणाला, "त्याची लाज मला अजून वाटते. तोंडाला फासलेल्या रंगाचीही. चेंडूची नाही. चेंडू आमचा होता."

आर्नेटाने डाव्या हाताने त्याच्या टायची गाठ सैल केली.

"खूण बरोबर वाचली ना मी? डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत."

तिने त्याच्या ताटाकडे पाहिलं, हॅमकडे. मग त्याच्याकडे.

"बरोबर वाचलीत, डॅडी."

"मग जेवत का नाहीस?"

तिचा उजवा हात मांडीवर होता, मूठ मिटलेली.

"जेवते की," ती म्हणाली आणि काटा डाव्या हातात घेतला.