तुदि हिडी, बुड हिडी

माधवनगरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. आयाबाया आपापली चळवळी पोरं मांडीशी दाबून बसल्या होत्या. व्यासपीठावर मेधानंद महाराज, त्यांच्यापुढं एक हात आडवा पसरून उभं राहिलेलं पोर आणि पोराच्या मागं महाराजांचा शिष्य धुळा. धुळ्याच्या डोळ्यांवर काळी पट्टी घट्ट बांधलेली.

महाराजांनी पोराच्या तळहातावर साखर ठेवली.

"ओम् तुदि हिडी!"

धुळ्यानं चाचपडत दाबताच हात लुळा पडल्यागत खाली आला. मग साखरेच्या जागी मेधामृत चूर्णाची पुडी आली.

"ओम् बुड हिडी!"

आता धुळा अंगाचा भार टाकून दाबत होता, पण हात हलेना. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा!" महाराज गरजले. "डोळे बांधलेल्याला काय ठाऊक हातात काय आहे? शरीराला ठाऊक आहे! डॉक्टर म्हणतो, पोराचं अवधान कमी. अहो, अवधान काय दुकानात विकत मिळतं?"

दुकानात मिळत नसेल, पण दारातल्या टेबलावर पुड्यांचे ढीग होते.

पुढच्या रांगेत अक्षता हात जोडून बसली होती. पुढची पाळी तिच्या पोराची, प्रथमेशची होती. त्याला एडीएचडी आहे, असं सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं होतं. "लक्ष टिकत नाही, हा त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही," असंही म्हणाल्या होत्या. पूर्वी पोरगं हात सोडवून रस्त्यावर धावायचं. एकदा ट्रकखाली जाता जाता वाचलं. गोळी सुरू झाल्यापासून ते हात धरून चालत होतं, वहीचं पान पुरं करत होतं. पण महाराजांच्या मागच्या बैठकीत सासूनं, पारूबाईनं, नातवासाठी पथ्य घेतलं. भाकरी बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद. पोराच्या बरगड्या दिसू लागल्या. आज तर त्याच्या गोळ्या सगळ्यांसमोर पाण्याच्या बादलीत टाकायच्या होत्या.

"काढ की गं गोळ्या," पारूबाई म्हणाली.

"आवं आत्ती, डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, मनानं बंद करू नगा."

"डॉक्टरीण काय म्हाराजांपरीस मोठी हाय व्हय? चल, लोकं बघाय लागल्यात."

प्रथमेश हात पसरून उभा राहिला. पारूबाईनं पुढं केलेल्या पाकिटातली डॉक्टरची गोळी महाराजांनी त्याच्या तळहातावर ठेवली.

"ओम् तुदि हिडी!"

हात खाली आला. पोर भेदरलं. "आई, माझ्या हाताला काय झालं गं?"

त्या हाकेनं अक्षता भानावर आली. इतका वेळ ती हात जोडून मंत्र ऐकत होती. आता तेच शब्द तिला ओळखीचे वाटले. कर्नाटकच्या सीमेवरचं, जतकडचं माहेरचं रान, ज्वारीची काढणी, आणि तिची आई हरणाबाई ओरडतेय, "तुदि हिडीब्याड, बुड हिडी!" शेंडा धरू नको, बुडखा धर. नाहीतर ज्वारीचं ताट मुळासकट निघत नाही. लग्न होऊन इकडं आल्यापासून कानडी कानावर पडलीच नव्हती. महाराजांच्या तोंडून आली, तर ती संस्कृत वाटली!

"म्हाराज, परत एकदा करा," ती म्हणाली. "म्हंजे खात्री पटंल."

महाराज खूश झाले. गोळी पुन्हा तळहातावर आली. ते तोंड उघडणार, तोच अक्षता ओरडली, "बुड हिडी!"

सवयीनं धुळ्याचा हात पोराच्या खांद्याशी सरकला. त्यानं जोर लावला. तळहातावर डॉक्टरची गोळी, आणि हात जागच्या जागी!

"गाढवा, तुदि! तुदि!" महाराज किंचाळले, तसा धुळा घाईनं मनगट शोधू लागला.

अक्षतानं पोराला जवळ ओढलं.

"ह्यो मंत्र न्हाई, कानडी हाय," अक्षता म्हणाली. "तुदि म्हंजे शेंडा, बुड म्हंजे बुडखा. मनगटाशी दाबलं की कुणाचाबी हात पडतो, खांद्याशी दाबलं की पडत न्हाई. शेजारणीचा हात धरून बघा की!"

बायकांनी एकमेकींचे हात धरले. मागं बसलेले आप्पासो ओरडले, "आयला, माझ्या हातात तर कायबी न्हाई, तरी पडतोय!"

"हिच्या अंगात संशयाचं भूत शिरलंय!" महाराज म्हणाले.

"भुताला कानडी येती व्हय हो?" कुणीतरी विचारलं. पिकलेल्या हशातच महाराजांनी झोळी उचलली.

पारूबाईचं मन अजून मागंच ओढत होतं. "पर चूर्णात गुण असंल की गं."

"असंल तर त्यात काय घातलंय ते सांगू दे त्यास्नी."

"ते गुप्त आहे," महाराज पुटपुटले.

"पोराच्या पोटात जायचं, आणि आईपासनं गुप्त?"

महाराज झोळी घेऊन दाराकडं सरकले. पारूबाईनं नातवाकडं पाहिलं. त्याच्या गळ्याची हाडं तिला आजच दिसल्यागत दिसली. "चल रं बाळा," ती म्हणाली, "घरी जाऊन आदी जेव."

चौरस जेवण हरेक पोराला हवंच. तपासणीत अंगात काही कमी निघालं, तर ते कसं भरून काढायचं हे डॉक्टर सांगतील. पण पोराचं ताट रिकामं करून आणि त्याचं औषध पाण्यात टाकून कुणाचं अवधान वाढत नाही. न कळलेल्या शब्दापुढं आपले हात लगेच जुळतात. जोडण्याआधी एकदा त्याचा अर्थ विचारा. खरं सांगणारा माणूस अर्थ विचारल्यावर झोळी उचलत नाही.