नवसाची नऊ कमळं

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती विहारातही सैल सुटेल असं मला वाटलं नव्हतं. उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूची तारीख ठरली, त्या दिवशी मी बुद्धमूर्तीपुढे गुडघे टेकले आणि नवस बोलले, "डोळा नीट होऊन सुईत दोरा ओवता आला, तर भिक्खूंचा पावसाळी वर्षावास संपेल त्या पौर्णिमेला नऊ कमळं वाहीन." इथपर्यंत ठीक होतं. कमळाच्या कळ्यांच्या जुड्या आमच्या बाजारात ढिगानं मिळतात. पण चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आणि "टाचणीपासून काजापर्यंत सगळं माझ्या हातचं" असं गिऱ्हाइकांना सांगत आले, ती सवय नडली. मी पुढे म्हणाले, "माझ्या स्वतःच्या हातानं लावलेली."

शेजारची लमायताई मागेच बसली होती. बाहेर येऊन चपला शोधताना ती म्हणाली, "मालिवन, तुझ्या हातानं आजवर मिरचीचं रोप जगलेलं नाही."

"मिरची आणि कमळ यांत फरक असतो."

"असतो ना. मिरची सोपी."

मोडलेला नवस चांगला नाही. आमच्या ओळखीतल्या एका शिंप्यानं डुकराचं डोकं कबूल करून कोंबडीवर भागवलं, तर वर्षभर त्याच्या मशीनचा पट्टा तुटत राहिला. माझं तर पोट डोळ्यावर चालतं. हा डोळा पुन्हा गढूळ झाला तर मी काय करणार होते? पौर्णिमेला साडेतीन महिने होते. घरामागे नवऱ्यानं हयातीत बांधलेलं सिमेंटचं तळं होतं, त्यात तेव्हा फक्त बेडूक नांदत होते. ते उपसून मी कालव्याकाठच्या तोईच्या रोपवाटिकेत गेले.

तोई म्हणजे नुसता मधाचा बुधला. त्यानं आधी मला जांभळी कुमुदं दाखवली, मग पिवळी, मग रात्री उमलणारी लाल.

"मावशी, ही जांभळी न्या. नवशिक्या माणसालाही रोज एक फूल देते."

"पाण्यावर लोळणारं फूल मी मूर्तीपुढे ठेवू? मला ताठ देठाचं कमळ हवंय. पांढरं, भरगच्च पाकळ्यांचं."

"मग ते तळ्यात मोकळं सोडू नका. त्याची मुळं धावत सुटतात, पुढच्या वर्षी तळ्यात पाणी शोधावं लागेल. रुंद टोपल्यांत लावा आणि टोपल्या तळ्यात ठेवा. माती शेतातली, चिकण. खत अगदी तळाशी. कोंब मातीत पुरायचा नाही, तो वर बघत राहिला पाहिजे. पहिले पंधरा दिवस वर चार बोटंच पाणी."

"आणि पाणी हिरवं झालं तर?"

"ही तरंगती कोबी सोडा. अर्धं पाणी झाकलं की शेवाळाला ऊन मिळत नाही. अर्धंच पण. सगळं झाकलंत तर कमळ रुसेल."

प्लॅस्टिकच्या पाच मोठ्या टोपल्या, पाच मुळं, कोबीची दहा-बारा रोपं आणि डास खायला मूठभर रंगीत गप्पी मासे घेऊन मी घरी आले. गढूळ डोळ्यानं मूळ लावणं म्हणजे अंधारात बटण शिवणं. सहावं मूळ तोईनं वर टाकलं होतं, त्याचा कोंब माझ्या हातात मोडला. मी वैतागून ते कुंपणापलीकडे भिरकावलं. ते लमायताईच्या वाळत घातलेल्या चादरीवर पडलं.

"टाकतेस काय? माझ्याकडे काठ फुटलेला रांजण पडलाय, त्यात लावते," ती पलीकडून म्हणाली.

"लाव. मेलेल्याला औषध पाज."

ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, महिनाभर वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. म्हणजे तळ्याकडे फिरकायचंच नाही. लमायताई रोज सकाळी माझ्या तळ्यात पाण्याची भर घालायची आणि दुपारी नारळाच्या दुधात शिजवलेला भोपळा घेऊन यायची. मी पट्टी बांधून खुर्चीत बसलेली.

"पानं आली का?"

"आली."

"किती?"

"बरीच. खा गप."

महिन्यानं परवानगी मिळाली, सुईत दोरा पहिल्याच खेपेला गेला आणि मी मागचं दार उघडलं. नवा डोळा काय सांगू, कौलावरची पाल दिसली, पालीचे डोळे दिसले. आणि तळ्यात देठादेठाला गुलाबी मोत्यांचे घोस. मला भरून आलं. म्हटलं, पांढरी सांगितली होती, ही गुलाबी निघाली, पण काय रूप आहे! मी जवळ जाऊन वाकले. ते मोती नव्हते, कळ्याही नव्हत्या. ती गोगलगाईंची अंडी होती. खाली पाण्यात लिंबाएवढ्या सोनेरी गोगलगाई माझ्या पानांची जाळी करत सुशेगाद बसल्या होत्या. पंधरा-वीस पानांतली तीन धड होती.

मी तशीच तोईकडे गेले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्याला झापलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, माझी मुळं तीनदा धुतलेली असतात. आणि एवढ्या मोठ्या गोगलगाई मुळाला चिकटून येत नाहीत, पिशवीतून येतात. तुमच्या तळ्यात जीव सोडून कुणी पुण्य केलंय का बघा."

घरी येऊन पाहिलं. तळ्याच्या कठड्यामागे दुधाचा रिकामा डबा, डब्यात वाळू आणि वाळूत उदबत्तीच्या तीन जळक्या काड्या. शेजारी पिशवीचं रबर. अशी लाल रबरं मनगटात घालून फिरणारी बाई आमच्या गल्लीत एकच आहे.

लमायताई भाजी निवडत होती.

"माझ्या तळ्यात गोगलगाई तू सोडल्यास?"

"सोडल्या." तिनं मान वर केली नाही. "तुला ऑपरेशनला आत नेलं, त्या सकाळी. विहाराबाहेर सोडायचे जीव विकणाऱ्या बाईनं सांगितलं, गोगलगाई सोडल्या की माणसाचे हाल सरतात. तुझे हाल सरावेत म्हणून सोडल्या."

"कालवा काय आटला होता?"

"कालव्यापर्यंत माझा गुडघा जात नाही, मालिवन. आणि हाल तुझे, तळं तुझं. म्हटलं, पत्ता चुकायला नको."

"सोडायच्या असतात त्या छोट्या, काळ्या. ह्या सोनेरी आहेत. ह्या अख्खं शेत खातात."

"मला काय कळतंय? पिशवी बंद होती." मग तिनं वर पाहिलं. "डोळा बरा झाला ना?"

मी नवस बोलले होते, हिनं पुण्य केलं होतं आणि डॉक्टरीणबाईंनी सुरी चालवली होती. डोळा कुणामुळे उघडला, याचा निवाडा कोण करणार? भांडायला आलेली मी तिथेच पाटावर बसून तिची भाजी निवडू लागले. मला तिचा राग आला होता, आणि मायाही वाटत होती. दोन्ही एकदम सांभाळायची मला सवय नाही.

"आज सगळ्या वेचते आणि ठेचते," मी म्हणाले.

तिनं माझा हात धरला. "वेडी आहेस का? तुझ्या डोळ्याच्या नावानं सोडलेले जीव ते. ठेचलेस तर डोळा परत जाईल."

"मग कालव्यात टाकू? पलीकडे भाताची शेतं आहेत."

"ते तर त्याहून मोठं पाप."

शेवटी तोडगा निघाला. ज्यानं सोडल्या, त्यानं पोसाव्या. लमायताईचं जुनं कपडे धुण्याचं घंगाळ रिकामं केलं. मी तळ्यातून एकेक गोगलगाय वेचायची आणि कुंपणावरून द्यायची, ती मोजून घंगाळात सोडायची, वर जाळी. एकूण त्रेचाळीस निघाल्या. त्यांना रोज पपईची सालं आणि भाजीचे देठ. घाण पाणी ती एक दिवसाआड काढायची आणि लांब जायचा कंटाळा म्हणून कपड्यांच्या दोरीखालच्या रांजणात ओतायची. अंड्यांचं काय करायचं, हे मी तिला विचारलंच नाही. ती आत गेली की मी काडीनं घोस पाण्यात पाडत असे. पाण्यात ती अंडी टिकत नाहीत. अंड्यांचा नवस कुणी बोललं नव्हतं.

पौर्णिमेला सात आठवडे उरले होते. मी खाल्लेली पानं छाटली, प्रत्येक टोपलीत खताच्या गोळ्या कागदात गुंडाळून खोल दाबल्या, कोबी निम्मी उचलून फेकली. रोज पहाटे आणि संध्याकाळी जाऊन पानांच्या पाठी पुसायची. गिऱ्हाइकं म्हणायची, मावशी, ब्लाउज कधी? मी म्हणायची, कमळ आल्यावर. कमळ मात्र लाडावलेल्या जावयासारखं, वेळेवर येईल तर शपथ. नवी पानं आली, पाण्याच्या वर उभी राहिली, आणि पौर्णिमेच्या दहा दिवस आधी पहिली कळी दिसली. मी तिला रोज वितीनं मोजत होते.

शेवटच्या तीन दिवसांत तयार होतील तशा कळ्या कापून बादलीत ठेवल्या. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी तीन. पौर्णिमेच्या सकाळी दोन. मी तळ्याभोवती चार फेऱ्या मारल्या, पानं उलटीपालटी केली. आठच. बाजार पाच मिनिटांवर होता आणि नववी कळी कुणाला ओळखू आली नसती. पण मला आली असती. मी कठड्यावर बसून रडले. नव्या डोळ्याला रडायची बंदी होती की नाही, तेही आठवेना.

कुंपणावरून केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी आत आलं.

"हे घे," लमायताई म्हणाली. "रांजणातली आहे. काल संध्याकाळी बघितली. कोंब मोडला होता ना, खालून दुसरा आला. गोगलगाईंचं पाणी चांगलंच मानवलं तिला."

माझ्या कुठल्याही कळीपेक्षा ती मोठी होती. आधी मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू.

"माझ्या हातची नाही ही."

"मूळ तुझ्या हातनंच आलं होतं. माझ्या चादरीवर डाग आहे अजून."

विहाराच्या ओट्यावर बसून मी रिवाजाप्रमाणे नऊही कळ्यांच्या पाकळ्या एकेक करून आत दुमडल्या. प्रत्येक पाकळीची शीर न् शीर दिसत होती, चष्म्याशिवाय. मग मूर्तीपुढे ठेवून खरं ते सांगितलं. "आठ माझ्या हातची आहेत, एक लमायताईच्या. माझ्या डोळ्यात तिचा वाटा आहे, तर फुलातही असू दे. चालवून घ्या."

शेजारून लमायताईची कुजबुज आली, "आणि गोगलगाईंचं?"

"गप बस."

पण ती गप बसली नाही. डोळे मिटून, हात जोडून बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिली. पायऱ्या उतरताना तिनं माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"काय मागितलंस एवढं?"

"गुडघा."

"आणि कबूल काय केलंस?"

"नऊ कमळं."

"लमायताई, 'स्वतःच्या हातची' म्हणाली नसशील म्हणजे मिळवलं."

"छे, मी काय तुझ्यासारखी आहे?" एक पायरी उतरून ती म्हणाली, "तुझ्या हातची म्हटलंय."