पाठ फिरवून घ्यायचं औषध

आमच्या घरात दोन मोठ्या आतड्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. बाबांचं उधळं आणि आईचं चिकट.

बाबांचं औषधांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना ते असंच समजावून सांगायचे. "अन्नातलं सत्त्व लहान आतडं आधीच काढून घेतं. मोठ्याकडे येतो तो पातळ गाळ. त्यातलं पाणी आणि क्षार परत घ्यायचे, उरलेलं घट्ट करून वेळेवर बाहेर काढायचं, एवढीच त्याची नोकरी. पण चिकट असलं तर थेंब न थेंब शोषून दगड करून ठेवतं. उधळं असलं तर आलं तसं सोडून देतं." ते स्वतः शर्टाच्या खिशात जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडच्या गोळ्या बाळगायचे. लांबच्या प्रवासाला निघताना खिसा चाचपून म्हणायचे, "लगाम घेतला. चला."

आईने मात्र आयुष्यात पोटासाठी औषध घेतलं नव्हतं. निदान तिचं म्हणणं तसं होतं. "माझं पोट घड्याळासारखं चालतं," ती चारचौघांत सांगायची आणि बाबांच्या खिशाकडे बघायची. त्या घड्याळाला किल्ली कोण देतं, हे मला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी दुधाचा ग्लास टेबलावर ठेवून ती खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला वळली, की बाबा त्या दुधात दोन चमचे लॅक्टुलोज ओतायचे. गोड, पाकासारखं औषध. ते पुढे मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथलं पाणी धरून ठेवतं, म्हणजे चिकट आतड्याला ते शोषता येत नाही.

"फक्त तुला सांगून ठेवतोय," बाबा मला म्हणाले होते. "तिला कळलं तर ती दूधच सोडेल."

मग बाबा गेले. आतड्यांशी काहीही संबंध नसलेल्या कारणाने गेले, याचं त्यांना स्वतःलाच हसू आलं असतं.

आई रडली नाही. आल्यागेल्याची विचारपूस तीच करत होती. कपाटातले बाबांचे शर्ट तिने पुन्हा एकदा नीट घड्या घालून ठेवले. आणि तिचं घड्याळ बंद पडलं. जेवणावरची वासना गेली, पोट डब्यासारखं टणक झालं. लोक म्हणाले, दुःखाने होतं असं.

आमचे डॉक्टर भेटायला म्हणून आले आणि बोलता बोलता तिचं पोट दाबून बघून गेले. "अडथळा काही नाही, पण मळ साचून कडक झालाय. औषध घ्या. परवापर्यंत मोकळं झालं नाही, तर दवाखान्यात यावं लागेल. एनिमा देऊ."

"त्या दवाखान्यात मी पाऊल ठेवणार नाही," आई म्हणाली. बाबांना आम्ही तिथूनच घरी आणलं होतं. "आणि औषधबिवषध मला लागत नाही."

"अगं आई, पोट बघ किती सुटलंय," दादा म्हणाला. माझा हा थोरला भाऊ परगावाहून आला होता.

"तू तुझं बघ. तुझं माझ्याआधी सुटलंय."

डॉक्टर गेल्यावर दादाने, मुक्कामाला आलेल्या आत्याने आणि मी एकमेकांकडे बघितलं. कुणीच काही बोललं नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी आई कुंड्यांकडे वळल्यावर मी ग्लासात लॅक्टुलोज ओतलं. बाबांचं माप दोन चमचे होतं. साचलेलं बरंच होतं, म्हणून मी चार ओतले. या औषधाला एक-दोन दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालं नाही, संध्याकाळीही नाही. रात्री दादाने तिला दुधाबरोबर एक छोटी पिवळी गोळी दिली. "शक्तीची आहे," म्हणाला. दादाला आईची इतकी काळजी आहे, हे बघून मला बरं वाटलं. सकाळी आत्याने स्वतःच्या हाताने तिला चहा करून दिला.

"वन्सं, चहाला वास येतोय," आई म्हणाली.

"दुःखात जिभेची चव जाते गं. पी गपचूप."

त्याच सकाळी औषधविक्रेत्यांच्या संघटनेचे अध्यक्ष आले. हार घातलेला बाबांचा फोटो त्यांनी टेबलावर ठेवला आणि उभ्यानेच भाषण सुरू केलं. "त्यांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी—"

आईच्या पोटातून लांबवर ट्रक घाट चढत असल्यासारखा आवाज आला.

"—कधीही भरून निघणार नाही."

आवाज आता घाट उतरत होता. आई उठली, अध्यक्षांना नमस्कार केला आणि आत जाऊन न्हाणीघराचं दार लावून घेतलं. मग जे झालं, त्यावरून अध्यक्षांनी भाषण आवरतं घेतलं.

आम्ही तिघं दाराबाहेर उभे होतो.

"मी फक्त एक जुलाबाची गोळी दिली, बिसाकोडिल," दादा पुटपुटला. "बाबांनी मला सांगून ठेवलं होतं, तिचं पोट आपोआप चालत नाही. फक्त मलाच."

"दुधाबरोबर दिलीस? ती गोळी दुधाबरोबर देत नाहीत दादा, कळा येतात!"

"चहात एरंडेल मीच घातलं," आत्या म्हणाली. "मलाही सांगितलं होतं त्याने. म्हणाला, ताई, तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही."

मी माझे चार चमचे कबूल केले. लॅक्टुलोज सगळ्यांत संथ, गोळीला एक रात्र पुरते, एरंडेल तर काही तासांत येतं. तिघांनी ठरवून वेळ साधावी तसं झालं होतं.

"ऐकू येतंय मला सगळं," आतून आईचा आवाज आला. "ह्यांच्या हातून असं कधी झालं नसतं."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"माहीत नसायला काय झालं? ते ओतायला लागले तेव्हापासून मी दुधात साखर घालायची सोडली."

साखर ती मधुमेहाच्या भीतीने घेत नाही, असं मी इतकी वर्षं समजत होते.

"मग आता स्वतःच ओतून का नाही घेतलंस?"

आत नळ सुरू झाला. नळाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. तो पोटाचा नव्हता. आत्याने दादाचा दंड धरून त्याला बाजूला नेलं. मी मीठ-साखरेचं पाणी ढवळून दाराशी ठेवलं आणि तिथेच बसून राहिले. आई बऱ्याच वेळाने बाहेर आली. डोळे सुजलेले होते, चेहरा हलका झाला होता.

"कळवा तुमच्या डॉक्टरांना," ती म्हणाली. "आणि सांगा, आता कुणी यायचं नाही आणि कुणी न्यायचं नाही."

पुढचे दोन दिवस मी तिला काही दिलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दुधाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं. तरी तिने रिकामा तांब्या हातात घेतला.

"दोनच चमचे," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली.