अंगठ्याएवढं झाड

डोंगराचा उत्तरेकडचा उतार मिळाला तर रणजितला काय मिळणार होतं, ते आधी बघू. त्याच्या ट्रेडिंग कंपनीचा डायरेक्टर शिकारीचा शौकीन. ज्याच्याकडे स्वतःचा डोंगर आहे असा भारतीय त्याचा दोस्तच झाला असता, आणि दोस्ताची बदली कोण करतं? म्हणजे टोकियोशेजारच्या ग्योतोकुतला फ्लॅट, मुलीची शाळा, बायकोची नोकरी, सगळं आणखी तीन वर्षं जागच्या जागी.

रणजित जिला नुसतं मानानं वहिनी म्हणायचा, त्या चारुताला फक्त उतार हवा होता. म्हणून ती जास्त धोकादायक.

उतार होशिनो-सान यांचा. कागदोपत्री कुणाचाच नाही; पण गुन्मा प्रांतातल्या त्या गावात चाळीस वर्षं तिथे हरणांसाठी फास तेच लावत आणि दुसरं कुणी लावत नसे. आता वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. त्यांनी सांगून टाकलं होतं, की दोघांपैकी ज्याला डोंगर नीट वाचता येईल त्याला देईन. चारुता तीन हिवाळे दर शनिवारी टोकियोतल्या निशी-कसाईहून गाडी हाकत येत होती. पुण्यात सासूबाईंचा समज, की सून ट्रेकिंगला जाते. रणजितचा हा दुसराच हिवाळा. पहिल्यात त्यानं तिनं काढलेला वाटांचा नकाशा होशिनो-सानना आपला म्हणून दाखवला होता. तिनं तेव्हा फक्त वहीत तारीख टाकून ठेवली.

वाचायचं असतं ते झाडांवर. माजावर आलेला नर शिंगं खोडावर घासतो. साल किती उंचीपर्यंत गेली, खोड किती जाड, चीक ओला की सुकलेला, यावरून नर केवढा आणि कधी गेला ते कळतं. रणजित हे मिशिगनच्या पोस्टिंगमध्ये शिकला होता, तिकडच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर, आणि दर दहा मिनिटांनी मिशिगन काढत होता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दोघं चढले. होशिनो-सान खाली गाडीत थर्मास घेऊन बसले. प्रत्येकानं एकच फास लावायचा, कायद्याप्रमाणे त्यावर आपल्या नावाची पट्टी अडकवायची आणि रविवारी सकाळी बघायचं, असं ठरलं होतं.

ओढ्याच्या वर चारुता एका रोपट्यापाशी वाकली. अंगठ्याएवढं खोड, आणि गुडघ्याच्या उंचीवर साल एकाच बाजूनं विळीवर सोलल्यासारखी निघालेली. हरणाच्या फाटे असलेल्या शिंगांनी सालीच्या चिंध्या होतात, आजूबाजूला ओरखडे पडतात. हे काम आखूड, सरळ शिंगांचं होतं: कामोशिकाचं. बकरीसारखं हे रानजनावर जपानात संरक्षित आहे. चुकून फासात आलं तरी सोडवा, कळवा आणि जाब द्या. तिनं वहीत दोन ओळी लिहिल्या, होशिनो-सानना वाचता याव्यात म्हणून जपानीत.

मागून रणजित आला. वहिनी जिथे वाकल्या तिथे तोही वाकला.

“कोवळा नर,” तो म्हणाला. “वहिनी, हे झाड सोडलंत तुम्ही?”

“सोडलं.”

“का?”

चारुतानं वही सॅकमध्ये टाकली. “तुम्ही मिशिगनचे, रणजितराव. मी काय सांगणार तुम्हाला?”

हे त्याला कौतुकच वाटलं. त्यानं फास पुरला, पट्टी अडकवली आणि पट्टीसकट फोटो डायरेक्टरला पाठवला. तो होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग दोनशे पावलं वर गेली आणि तिनं आपला फास मांडीएवढ्या खोडाशी लावला, जिथे सालीच्या चिंध्या छातीच्या उंचीपर्यंत लोंबत होत्या.

रविवारी सकाळी तिचा फास रिकामा होता. रणजितच्या फासात कामोशिका उभं होतं. ओरडत नव्हतं, नुसतं बघत होतं. रात्रभर ओढून ओढून त्याच्या पुढच्या उजव्या पायाचं हाड तारेखाली उघडं पडलं होतं. होशिनो-सान त्या गुडघ्यांनी वर चढून आले. त्यांनी आपलं जाकीट त्याच्या डोळ्यांवर टाकलं आणि तार कापली. ते तीन पायांवर झाडीत गेलं. मग पट्टीवरचं नाव वाचून त्यांनी रणजितला सांगितलं, की नगरपालिकेत फोन तूच करायचा, आत्ता, आणि यापुढे या गावात फास लावायचा नाही.

रणजित म्हणू लागला, की खूणच फसवी होती, कुणालाही नराचीच वाटली असती, वहिनींनाही तशीच वाटली.

इथे चारुता गप्प राहिली असती तर उतार तिचा होता. पण एक नकाशा त्यानं आधीच पचवला होता, आता तिचं वाचनही चुकीचं ठरवत होता. तिनं वही काढली, पान उघडलं आणि होशिनो-सानच्या हातात दिली.

शनिवार, दहा वाजून चाळीस. कामोशिकानं शिंगं घासली आहेत. इथे फास नको.

“बरोबर वाचलंत,” होशिनो-सान म्हणाले. मग विचारलं, “रणजित-सान फास लावत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“इथेच.”

त्यांनी वही मिटून दोन्ही हातांनी परत दिली, दुकानात गिऱ्हाइकाला पावती देतात तशी. पुढच्या शनिवारी येऊ नका, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मार्चमध्ये रणजितची बदली झाली. चारुताचे तीन हिवाळे गेले. होशिनो-सानना आणखी एक हिवाळा त्याच गुडघ्यांवर तो उतार चढायचा आहे. पण या तिघांनी किंमत भरली ती सवडीनं. जागच्या जागी भरली ती कामोशिकानं: पुढचा उजवा पाय, तारेपासून खाली.