पिन घालून मोजा

माझा मुलगा रात्रपाळी करून आला की दुपारपर्यंत झोपतो. त्यामुळे आमच्या घरात सकाळची भांडणं कुजबुजत होतात. त्या दिवशीचं भांडण हेडफोनच्या जॅकशी होतं.

माझ्या नातीने, भिंगरीने, एका खोक्यातल्या छोट्या सर्किट बोर्डावर स्वतःची धून बसवली होती. आदल्या दिवशी ती स्पीकरवर वाजली आणि तिचा बाप ताडकन उठून बसला. "पुन्हा माझी झोपमोड झाली, तर हे खोकं कपाटात. कुलूप लावून!" म्हणून आम्ही स्पीकर काढून तिथे हेडफोनची पिन घालायचा जॅक जोडला. जॅक नखाएवढा आणि त्याला पाय पाच.

"येतंय का ऐकू?"

"काही नाही."

"वायर हलव."

"हलवली, आजोबा. हलवून हलवून तुटेल आता."

मी हेडफोनची पिन उपसली आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मीटर उशीखाली धरून त्याची टोकं लावली. टीं! बोर्डापासून जॅकमधल्या पट्टीपर्यंत जोडणी ठीक. पिन घातली, हेडफोनमध्ये शुकशुकाट. काढून मोजलं, टीं! सोल्डर काढून नव्याने केलं. हेडफोन बदलला. पुन्हा तेच. माझं डोकं इतकं तापलं की त्यावरच सोल्डर वितळलं असतं.

"जॅकच भिकार आहे. काय वाट्टेल ते गळ्यात मारतात!"

"तुम्हीच सांगता ना, वस्तूला नावं ठेवण्याआधी आपलं काम तपासावं?"

"ते तुला सांगतो. मला नाही."

ती गाल फुगवून बसली. मग म्हणाली, "तुम्ही दर वेळी पिन काढून मोजता. ऐकताना ती आत असते. घालून मोजा की!"

पिन घालून मोजलं. मीटर गप्प. भिंग लावून पाहिलं, तर पिन आत शिरली की पट्टी उचलली जाऊन शेजारच्या पायाला सोडून देत होती. असे दोन पाय हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद करण्यासाठी असतात. आम्ही दोन्ही कानांच्या वायरी नेमक्या त्यांनाच जोडल्या होत्या!

वायरी योग्य पायांवर आणल्या. हेडफोन मी घातला, भिंगरीने बटण दाबलं.

"वाजतंय! भिंगरे, दोन्ही कानांत वाजतंय!"

तिने माझ्या तोंडावर हात दाबला. का, ते मला कळेना. तेवढ्यात दारात मुलगा उभा दिसला, केस पिंजारलेले. मी हेडफोन उतरवला. त्याने खोक्याकडे हात केला.

भिंगरीने ते पोटाशी धरलं. "बाबा, हे गप्प आहे. आजोबा ओरडले."

त्याने हात माझ्याकडे वळवला.

"मग यांनाच कुलूप लाव," म्हणाला, आणि दार आपटून झोपायला गेला.