बाहीचा धडा

कोटाची बाही बसवावी तर मास्तरांनीच. मुंढ्याला, म्हणजे खांद्याच्या जोडाला, एक झोल नाही, हात वर करा, खाली करा, कोट आपला अंगाबरोबर. ज्यांनी घातला त्यांनाच विचारा. पण तयार कपड्यांनी दुकानाचं वाटोळं केलं, आणि मास्तर दिवसदिवस नुसते बसून राहायला लागले. तेव्हा लेकीच्या डोक्यात आलं की बाबांची विद्या फोनवरून लोकांना दाखवावी. मास्तर आधी नाही नाही म्हणाले, पण लेकीपुढे त्यांचं कधी काय चाललंय?

जावई एका कंपनीत माल खपवण्याच्या खात्यात. त्यानं अक्कल पुरवली. पहिले अकरा धडे फुकट सोडायचे आणि बारावा, बाहीचा, विकत. एवढा कोट शिवून झाल्यावर बाहीवाचून कोण थांबतंय! बोलणं बिनतोड होतं, आणि खरं सांगायचं तर तिथंच घात झाला.

लेकीनं कापायच्या टेबलावर फोन टांगला. मास्तर शिकवत गेले. माप कसं घ्यायचं, खडू कसा धरायचा, अस्तर कुठं सैल सोडायचं. माणूस असा खुलला की बघत राहावं! कुठले कुठले लोक शंका विचारायचे, मास्तर चष्मा कपाळावर चढवून एकेकाला उत्तर सांगायचे आणि लेक ते टाइप करायची. अकरावा धडा झाला तसे ते म्हणाले, उद्या बाही घेऊ. लेक म्हणाली, एवढ्यात नको, अजून माणसं वाढू देत. महिन्याभरानं त्यांनी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, पन्नास हजार बघणारे होऊ देत, मग बघू. त्यानंतर त्यांनी विचारणंच सोडलं. रोज सकाळी टेबल पुसून कापड मात्र अंथरून ठेवायचे. तिला ते दिसत होतं. दिसत असूनही तिनं चालढकल केली, आणि हे आता तिला जन्मभर खाणार आहे.

अशाच एका सकाळी कापड अंथरता अंथरता मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले ते खुर्चीतच.

लोकांना काय ठाऊक! बाही कधी, बाही कधी, विचारणं चालूच राहिलं. एक बाई तर पत्ता शोधत, बिनबाहीचा कोट आणि कापून ठेवलेल्या बाह्या पिशवीत घालून थेट दारात आली. वयानं लेकीएवढीच असेल. वडिलांसाठी शिवतेय म्हणाली, अकराही धडे तीनतीनदा पाहिलेत, बाराव्याचे काय ते पैसे आत्ता देते.

 लेक तिला आत घेऊन गेली.

बाईनं मास्तरांना बघितलं आणि ती दारातच थबकली. मास्तरांनी मात्र डाव्या हातानं कोट मांडीवर ओढून घेतला. मुंढ्यावरून बोटं फिरवली, आतली शिलाई उलटून पाहिली. काम चोख होतं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. मग त्यांनी टाचण्यांच्या डबीकडे बोट दाखवलं आणि लेकीकडे पाहिलं. एकदा, दोनदा. हिला तू दाखव, म्हणत होते ते. बोलता येत नसलं तरी बापाचं लेकीला कळतंच ना.



"बाबा, मला येत नाही," ती म्हणाली. "मी नुसती फोनमध्ये बघत होते."

मास्तरांना ते आधी खरंच वाटेना. ह्या टेबलाखाली खेळून वाढलेली पोर! ते तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

मग त्यांनी स्वतःच एक बाही उचलली. मुंढ्याला लावली, डाव्या हातानं टाचणी खोचायला गेले. टाचणी सुटली. बाई खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कापड धरलं. मास्तरांनी दुसरी टाचणी घेतली. मग तिसरी. लेकीला बघवेना, पण हलताही येईना.

चौथी टाचणी पडली तेव्हा मास्तर थांबले. कोट त्यांनी मांडीवर सारखा केला, सुट्या बाह्या त्यावर ठेवल्या आणि तो गिऱ्हाइकाच्या हातात तसाच परत दिला.